अजनीचं क्वार्टर, साडेसात बाय सहा सेंटिमीटर

नाताळाला दीड महिना असताना मी क्रिकटचं एक्सप्लोअर एअर २ हे कागद कापायचं मशीन घेतलं. वापरलेलं होतं, पुण्याच्या एका मुलीकडून १६,००० रुपयांना मिळालं. त्यावर आत्तापर्यंत कागदाची २६ छोटी घरं झाली. २४ आमच्या शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी, एक आईसाठी आणि एक माझ्या शिवणाच्या टेबलावर ठेवायला. इथे नागपुरात मेकोसाबागेतल्या दोघीतिघींनी "घेऊ का वो ताई आम्ही पण?" असं विचारलं. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून पुरं होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

मी तीस वर्षं ब्लाउज शिवते. कापड बेतणं हेच माझं काम, त्यामुळे मशीनकडे बघायची माझी नजर शिंपिणीची आहे. कॉम्प्युटरवाल्या माणसाला यात वेगळं काही दिसेल. मला जे दिसलं ते हे, की मशीन कापतं छान, पण घर उभं राहतं ते घडीवर. पात्याची तारीफ सगळे करतात. मी घडीची रेघ दाबणाऱ्या बोथट कांडीची करणार आहे.

आधी घराविषयी. परदेशात नाताळच्या झाडाखाली पुठ्ठ्याची चिमुकली घरं मांडतात, त्यांना पुट्झ म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ सजवणं. मोरेव्हियन पंथाची माणसं अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात जाऊन राहिली, ती नाताळात गव्हाणीभोवती डोंगर, शेवाळ, जनावरं, घरं असा सगळा देखावा मांडत. त्या देखाव्याचं हे नाव. पुढे १९२०-३० च्या सुमारास अशी पुठ्ठ्याची घरं जपानात बनून अमेरिकेच्या बाजारात जात. खिडक्यांना रंगीत जिलेटीन, छपरावर चमकी, आणि मागच्या भिंतीला एक गोल भोक. झाडावरच्या माळेतला एक दिवा त्या भोकातून आत सारायचा की खिडक्या उजळत. दिवाळीत पोरं किल्ला करतात, मावळे मांडतात, तीच हौस.

या घरांच्या तयार फायली विकत मिळतात, फुकटही मिळतात. मी एक उतरवली. टोकदार छप्पर, धुराडं, छपराच्या कडेला लोंबणारा बर्फ. दिसायला गोड होतं. पण मी नाताळ ज्या घरात पाहिला त्याला धुराडं नव्हतं. बाबा रेल्वेत फिटर होते आणि आम्ही अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मंगलोरी कौलं, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा, पिवळ्या भिंती, हिरवं दार. डिसेंबरात संध्याकाळी सहालाच थंडी पडायची आणि बाबा व्हरांड्यात बसून बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधायचे. वर पतंगी कागद, तो दाढीच्या जुन्या पात्याने कापायचा. गव्हाणी संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची, आत तणस. १९८९ साली बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सुटलं. माझ्याकडे त्या घराचा एकच फोटो आहे, त्यातही अर्ध्या भागात आमची मोठी काकू उभी आहे. तर मला हे घर करायचं होतं.

आता मापं, कारण याच ठिकाणी बहुतेकांचा कागद वाया जातो. या मशीनची चटई १२ बाय १२ इंचाची, पण त्यातली कापता येणारी जागा साडेअकरा इंच, म्हणजे २९.२ सेंटिमीटर. मला चारही भिंती एकाच पट्टीत हव्या होत्या, म्हणजे जोड एकाच कोपऱ्यात येतो. सुरुवातीला मी भिंती ९ आणि ७ सेंटिमीटरच्या धरल्या होत्या. बेरीज ३२, चटईबाहेर. मग साडेसात आणि सहा केल्या. साडेसात, सहा, साडेसात, सहा मिळून २७, आणि चिकटवायला एक सेंटिमीटर माया. २८ मध्ये बसलं. दार ३ सेंटिमीटर उंच ठेवलं. सात फुटी दाराच्या हिशेबाने हे साधारण १:७२ झालं, म्हणजे व्हरांड्यात माणूस उभा करायचा तर तो सव्वादोन सेंटिमीटरचा हवा. हे प्रमाण एकदा ठरवून घ्या. नाही तर दार बंगल्याचं आणि खिडकी कोंबड्यांच्या खुराड्याची, असं होतं.

माया हा शब्द मी सवयीने वापरते. कागदाच्या घरालाही माया सोडावी लागते आणि ब्लाउजसारखीच ती कमी सोडली की पुढे पस्तावा. तयार फायलींमध्ये ४ मिलिमीटरची माया असते. बोटं बारीक असतील तर जमेल. पोरांसाठी मी ती दुपटीहून जास्त केली आणि टोकं तिरपी छाटली, म्हणजे कोपऱ्यात एकावर एक चढत नाहीत.

कागद मी इतवारीतून आणला. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "ताई, जीएसएम किती?" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड. भिंतींना २२०, कौलांना १२०. दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, तो तुम्हीच विचारायचा, की कागदाचा रोख कोणत्या बाजूने आहे. कापडाला उभा धागा-आडवा धागा असतो ना, तसंच कागदाचं. कारखान्यात कागदाची लांब पट्टी पुढे सरकत असते आणि आतले तंतू त्या सरकण्याच्या दिशेने लागतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते. आडवी घातली तर कडेला कागद फुटतो, पांढरी भेग दिसते. कागद हातात धरून दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो तो रोख.

माझी पहिली तीन घरं यातच गेली. मी तयार ए-फोर घेतले होते. त्यांचा रोख बहुतेक लांबीच्या बाजूने असतो आणि माझी भिंतीची पट्टीही लांबीत, म्हणजे चारही कोपऱ्यांच्या घड्या रोखाच्या आडव्या. प्रत्येक कोपरा फुटला. रंग लावून झाकायचा प्रयत्न केला, तो डाग जास्तच दिसायला लागला. मग २२ बाय २८ इंची मोठी शीटं घेतली आणि दुकानातच २९ बाय २० सेंटिमीटरचे तुकडे करून घेतले, रोख २० च्या बाजूने. त्यानंतर एकही कोपरा फुटला नाही. छपराला उलट. तिथे घडी आढ्यावर, लांबीत. म्हणून रोख आढ्याला समांतर.

आता ती कांडी. या मशीनला दोन खाचा आहेत. एकीत पातं, दुसरीत पेन किंवा स्कोअरिंग स्टायलस. बोथट टोकाची ही कांडी कागद कापत नाही, दाबते. आम्ही फिरकीने कापडावर खूण करतो, तेच काम. कागद चटईवर एकदा बसवला की मशीन आधी घड्यांच्या रेघा दाबून घेतं आणि लगेच त्याच बैठकीत कापतं. कागद हलत नाही, त्यामुळे घडी आणि कड यांचं माप तंतोतंत जुळतं. पट्टी आणि रिकाम्या बॉलपेनने हे काम मी करून पाहिलं आहे. एक घर चांगलं होतं, चौथ्या घराला घडी अर्धा मिलिमीटर सरकते, आणि चार घड्यांची ती चूक साठत साठत शेवटच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचं तोंड उघडतं. मशीनवर चोविसाव्या घराचा कोपरा पहिल्यासारखाच बंद झाला. माझे १६,००० इथे वसूल झाले असं मी मानते.

घडी कोणत्या बाजूला घालायची हेही लिहून ठेवते. दाबलेल्या रेघेची खळगी बाहेर राहिली पाहिजे, तिचा फुगवटा आत. म्हणून रंगीत बाजू वर ठेवून कापा. घडी नखाने दाबू नका, कागद चमकतो. मी चमच्याची पाठ वापरते.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. डिझाइन स्पेस नावाचं आहे, खातं उघडावं लागतं, मोबाइलवरही चालतं पण मापं घालायला कॉम्प्युटर बरा. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. बाहेरून आणलेल्या फायलीतली घडीची रेघ त्याला घडी म्हणून कळत नाही, ती निवडून आपणच तिला "स्कोअर", म्हणजे घडी, असं ठरवून द्यावं लागतं. मी हे विसरले आणि मशीनने घडीच्या जागी कापून भिंतीचे चार सुटे तुकडे दिले. आणि घड्या व भिंत एकत्र निवडून अटॅच करा, नाही तर घड्या एकीकडे आणि भिंत दुसरीकडे जाते. माझी भाची नववीत आहे, तिने मला हे एका दुपारी शिकवलं.

चटईवर मला बरंच बोलायचं आहे, कारण शिवणाऱ्या बायकांना हा त्रास नक्की होणार. चटई चिकट असते, हिरवी जास्त, निळी कमी. माझं मशीन मी शिवणाच्या खोलीतच ठेवलं होतं. आठ दिवसांत चटईवर कापसाची पिंज, अस्तराचे धागे, पिको-फॉलची लोकर असा थर बसला आणि कागद मधेच सुटायला लागला. सुटलेल्या कागदावर पातं फिरलं की खिडकीच्या जागी चिंध्या. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशने हलक्या हाताने धुतली आणि चिकट बाजू वर करून नुसत्या हवेवर वाळवली. फडक्याने पुसायची नाही. चिकटपणा बराचसा परत आला. मशीन आता आतल्या खोलीत, वापर नसेल तेव्हा चटईवर तिचं प्लॅस्टिक. नवीन चटईचं उलटं असतं, ती इतकी धरते की १२० जीएसएमचा कागद निघताना फाटतो. ती आधी दोनचार वेळा सुती साडीवर दाबून घ्या. आणि कागद चटईवरून ओढायचा नाही. चटई उलटी करून, कागद टेबलावर दाबून, चटई वाकवत मागे न्यायची. असं केलं तर कागदाला बाक येत नाही.

कौलांची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय. या मंगलोरी कौलांचा आपल्या ख्रिस्ती लोकांशीही संबंध आहे. मंगलोरला त्यांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकात बासेल मिशन या मिशनरी संस्थेने काढला, आणि तिथून ती कौलं स्टेशनं, शाळा, क्वार्टरं करत देशभर गेली. माझ्या घरात मी कौलांच्या पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टी साडेआठ सेंटिमीटर लांब, खालची कड गोलसर नागमोडी, पाच मिलिमीटरला एक कौल, म्हणजे पट्टीला १७. छपराच्या एका उताराला ७ पट्ट्या, दोन्ही मिळून १४, घरामागे २३८ कौलं. एका कागदातून ४२ पट्ट्या निघाल्या, तीन घरांच्या. चोवीस घरांना ८ कागद. हे कात्रीने करायचं मनातही आलं नसतं.

पट्ट्या खालून वर लावत जायच्या, वळचणीपासून आढ्याकडे, वरची पट्टी खालचीवर पदरासारखी चढवत. गोंद टूथपिकच्या टोकाने, पट्टीच्या वरच्या कडेलाच, खालची कड मोकळी. मग कौलं किंचित उचललेली राहतात आणि आतून दिवा लावला नसतानाही नुसत्या उन्हात त्यांची बारीक सावली पडते. मी विटकरी रंगाच्या दोन छटा मिसळल्या, चारपाच पट्ट्या गडद. खऱ्या छपरावर बदललेली कौलं अशीच वेगळी दिसतात.

खिडक्यांच्या गजांना मी पहिल्यांदा एक मिलिमीटर जाडी दिली, ती चटईवरून काढताना तुटली. पावणेदोन मिलिमीटरला टिकली, म्हणून त्याखाली जाऊ नका. काच म्हणून पिवळं जिलेटीन आणि त्यामागे बटर पेपर. नुसत्या जिलेटीनमधून आतला दिवा डोळ्यांत खुपतो, बटर पेपरने उजेड पसरतो. दिव्यासाठी वेगळा खर्च केला नाही. दिवाळीतल्या सेलवरच्या प्लॅस्टिकच्या पणत्या उरल्या होत्या, त्या घराच्या तळातून बरोबर आत जातात. म्हणून मी मागचं गोल भोक न ठेवता तळ उघडा ठेवला. जपानी घरांतल्यासारखा माळेचा गरम बल्ब कागदात ठेवायचा विचारही करू नका.

मशीन कमी कुठे पडतं? जाड पुठ्ठा याच्याने होत नाही, माझी पायाची पाटी मी कटरनेच कापली. आवाज आहे, वेगवान मोडवर तर शेजारच्या खोलीतलं माणूस उठेल. मी रात्री तो मोड बंद ठेवते. वरचा खर्च धरा. पाती, चटया, कांडी हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. मी पैसे वाचवायला ऑनलाइन कुठलं तरी बिननावाचं पातं मागवलं, त्याने कौलांच्या गोलाव्यावर कड दातरी आली, ते काढून टाकलं. पातं अडखळायला लागलं तर ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा करून त्यात टोक दहावीस वेळा खुपसा, अडकलेला कागद निघतो. आणि एक सवय लावून घ्या. कापून झालं की चटई लगेच बाहेर काढू नका. आत असतानाच एक कोपरा उचलून बघा. पूर्ण कापलं नसेल तर तेच बटण पुन्हा दाबा, त्याच रेघेवरून पातं परत फिरतं. एकदा चटई बाहेर आली की ती जागा पुन्हा सापडत नाही.

लेझरवर करून घ्यावं का, असंही एकीने विचारलं. मी मशीन घेण्याआधी शहरातल्याच एका पत्रिकावाल्याकडे लेझरने एक नमुना कापून घेतला होता. खिडकीची नक्षी फारच सुबक आली, पण पिवळ्या कागदाच्या कडा तपकिरी झाल्या, जळका वास चार दिवस राहिला. लेझर जाळून कापतो, त्यामुळे फिक्या कागदावर हे होणारच. विटकरी कौलांना चालून गेलं असतं.

तुम्हाला एकच घर करायचं असेल तर मशीन घेऊ नका. कटर, स्टीलची पट्टी, एक जुनी मासिकाची गठ्ठी खाली, आणि एक सुट्टीची दुपार. आमच्या शेजारचा मुलगा असं करतो आणि त्याचं काम माझ्याहून उजवं आहे. पण वीस-तीस नग, तेच माप, आणि त्यात पोरांच्या हाती द्यायचे, तर घ्याच. घरामागे मला कागद, गोंद, जिलेटीन, पणती धरून साधारण ३५ रुपये पडले, मशीनचे वेगळे.

पोरांचं सांगते. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर मागच्या खोलीत चटया टाकल्या आणि प्रत्येकाला कापलेला संच दिला. स्टायलसच्या खाचेत नंतर पेन लावता येतं, मशीन मधे थांबून बदलायला सांगतं. त्या पेनने मी प्रत्येक मायेवर अ, आ, इ, ई लिहून घेतलं होतं आणि जिथे चिकटवायचं तिथेही तेच अक्षर. अ ला अ जोडायचा. पाच वर्षांची एक चिमुरडी आहे, तिला वाचता येत नाही, पण अक्षराची आकृती जुळवून तिने भिंती उभ्या केल्या. एका मुलाने कौलं वरून खाली लावली. मी त्याला विचारलं, "पाऊस कुठून आत येईल रे?" त्याने छपराकडे बघितलं, काही बोलला नाही, सगळ्या पट्ट्या सोडवून पुन्हा लावल्या. चोवीसच्या चोवीस घरं एका रांगेत खिडकीत ठेवली आणि दिवे लावले तेव्हा पाळकसाहेबांनी खोलीतली ट्यूब बंद केली. पोरं एकदम गप्प झाली. तेवढा वेळ मी खर्च, चटई, पिंज सगळं विसरले होते.

आईचं घर मी सगळ्यांत शेवटी केलं. ती ८३ वर्षांची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मी रात्री अकरापर्यंत मशीनजवळ बसायची तेव्हा आतून आवाज यायचा, "काय करून राहिली वं एवढ्या रात्री?" मी सांगितलं नव्हतं. घर नेऊन तिच्या हातात दिलं. तिने आधी कौलांवरून बोट फिरवलं, मग व्हरांड्याचे खांब मोजले, मग घर फिरवून मागची बाजू बघितली.

"सैपाकघराला खिडकी कुठे होती?" ती म्हणाली. "झरोका होता. वरती, उजव्या अंगाला. तिथून धूर जायचा."

फोटोत तो भाग काकूच्या मागे आहे, मला आठवण्याचं कारणच नव्हतं. मी तिला घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. मागच्या भिंतीवरची खिडकी काढली, तिथे आठ मिलिमीटरचा चौकोन ठेवला. ती म्हणाली, अजून वर. वर सरकवला. अजून थोडा. मग तिने मान हलवली आणि मी नवा कागद चटईवर दाबला. कापायला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ ती खुर्ची पुढे ओढून पात्याकडे बघत बसली होती.